सभागृहातील उत्तर आणि आपली रुग्णनोंदवही

विधिमंडळाच्या कामकाजाकडे वैद्याने लक्ष द्यावे असे म्हटले, की आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळावर आठी पडते. राजकारण हा आपला प्रांत नव्हे. नाडी पाहावी, औषध द्यावे, पथ्य सांगावे, एवढेच आपले काम, अशी आपली धारणा असते. प्रस्तुत लेखकाचीही अनेक वर्षे तीच धारणा होती. ती का व कशी बदलली, हे वैद्यबांधवांपुढे आणि औषधविक्रेत्या मित्रांपुढे मांडावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

जून २०१९ मध्ये पावसाळी अधिवेशनात विधान परिषदेत आपल्या बीड जिल्ह्याविषयी एक प्रश्न उपस्थित झाला. ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचे वृत्त त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये एका इंग्रजी दैनिकाने दिले होते. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस पाठवली होती. आमदार डॉ. नीलम गोऱ्हे यांनी हा विषय सभागृहात मांडला आणि तत्कालीन आरोग्यमंत्री श्री. एकनाथ शिंदे यांनी उत्तर दिले. २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशय-निर्हरण शस्त्रक्रिया झाल्या, असे त्यांनी सांगितले. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी अनेक स्त्रिया ऊसतोड कामगार नव्हत्या, असेही त्या उत्तरात होते. स्त्रीरोगतज्ज्ञ व महिला लोकप्रतिनिधी यांचा समावेश असलेली समिती नेमून दोन महिन्यांत अहवाल घेण्याचे आश्वासन देण्यात आले.

हे उत्तर मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बसून वृत्तपत्रात वाचले. ४,६०५ हा आकडा वाचताना मला त्यातली एक स्त्री आठवली.

ती डोंगरपट्ट्यातील एका वस्तीवरची. वय अठ्ठावीस, तीन अपत्ये, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. श्वेतस्राव, कटिशूल आणि पाळीत अतिरिक्त रक्तस्राव या तिच्या तक्रारी. मी पुष्यानुग चूर्ण तांदळाच्या धुवणातून आणि जेवणानंतर अशोकारिष्ट, असे पंधरा दिवसांचे औषध दिले. ती दहाव्या दिवशीच परत आली. दिवाळी जवळ आलेली, मुकादमाकडून उचल घेऊन झालेली, गाडी निघण्याचा दिवस ठरलेला. तिने विचारले, ‘‘डाक्टर, पिशवी काढली तर ही कटकट मिटंल का? आमच्या वस्तीवरच्या चौघींनी काढली.’’ दवाखान्यात त्या दिवशी गर्दी होती. मी तिची योनिपरीक्षा करवली नाही, सोनोग्राफी करून आणण्यास सांगितले नाही, रक्तातील हिमोग्लोबिन पाहिले नाही. एका खाजगी रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. त्या चिठ्ठीबद्दल मला कोणी पैसे दिले नाहीत आणि मी मागितलेही नाहीत. मात्र दिवाळीला तेथून मिठाईचा डबा आला होता, तो मी ठेवून घेतला.

दोन वर्षांनी ती पुन्हा आली. तिशीत सर्वांगदाह, अस्थिशूल, निद्रानाश. ‘‘आता उन्हाळा अंगातच राहतो,’’ असे म्हणाली. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले होते काय, हे कळण्यास मार्ग नव्हता. तिच्यापाशी कागदच नव्हते. मी माझी जुनी नोंदवही काढली. तीत तिचे नाव होते, तारीख होती आणि घेतलेल्या पन्नास रुपयांची नोंद होती. दुसरे काहीही नव्हते. तेव्हा ती मंत्रिमहोदयांच्या ४,६०५ मध्ये होती की नव्हती, हे मलाच ठाऊक नाही. ती कोणत्या कारणाने माझ्याकडे आली आणि मी तिला कोठे व का पाठवले, याचा पुरावा माझ्याही घरी नाही.

येथून मी सभागृहातील उत्तरांकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो.

उत्तर कसे तयार होते?

आपल्याकडे समजूत अशी, की मंत्री उभे राहून जे सांगतात ते त्यांच्या बुद्धीतून किंवा त्यांच्या पक्षाच्या धोरणातून येते. वास्तविक प्रश्न स्वीकृत झाला की तो संबंधित विभागाकडे जातो. विभाग संचालनालयास विचारतो, संचालनालय जिल्हा शल्यचिकित्सकांना व जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, ते तालुक्याला आणि तालुका रुग्णालयांच्या नोंदवह्यांना. तेथे जे लिहिलेले असेल ते एकेक पायरी चढत मंत्रालयात पोहोचते आणि टिपणीच्या रूपाने मंत्र्यांच्या हाती पडते. म्हणजे उत्तर वरून खाली येताना दिसले, तरी ते तयार होते खालून वर. तळाशी नोंद नसेल, तर वर सत्य असण्याचा संभव नाही. मंत्री कितीही प्रामाणिक असोत, नोंदवहीत नसलेली रुग्णा त्यांना दिसणार नाही.

लोकसभेत एका दिवशी २० तारांकित प्रश्न असतात. त्यांची उत्तरे तोंडी देतात आणि त्यांवर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्न २३० पर्यंत असतात व त्यांची उत्तरे लेखी मिळतात. राज्याच्या विधिमंडळातही तारांकित व अतारांकित हा भेद आहे, शिवाय लक्षवेधी सूचना आहे. तारांकित प्रश्नाचे मर्म त्याच्या उपप्रश्नात असते. लिहून आणलेले पहिले उत्तर वाचून झाल्यावर, ‘ही संख्या कोणत्या नोंदींवरून काढली?’ असे एखाद्या सदस्याने विचारले, की उत्तराचा खरा कस लागतो.

या साधनाचे सामर्थ्य किती, हे १९५७ साली देशाने पाहिले. आयुर्विमा महामंडळाने मुंध्रा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवल्याचे प्रकरण लोकसभेत फिरोज गांधी यांनी लावून धरले. न्यायमूर्ती छागला यांची चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. प्रश्न विचारणारे सदस्य सत्ताधारी पक्षाचेच होते, हे विशेष. या साधनाची विटंबनाही देशाने पाहिली. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांना सदस्यत्व गमवावे लागले. शस्त्र उत्तम आहे. ते कोणाच्या हाती व कशासाठी, हा विवेक जागृत ठेवावा लागतो. वैद्याला हे निराळे सांगणे नलगे.

दोन आकडे, दोन प्रश्न

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे येऊ. सभागृहातील उत्तरानंतर समितीचे काम झाले आणि घरोघरी सर्वेक्षण करण्यात आले. त्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली गेली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारणतः दर सहा स्त्रियांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १५ ते ४९ या वयोगटातील भारतीय स्त्रियांत हेच प्रमाण सुमारे तीन टक्के होते. वयोगट तंतोतंत जुळत नसतील, तरी अंतर डोळ्यांत भरण्याजोगे आहे.

४,६०५ आणि १३,८६१ हे दोन आकडे परस्परविरोधी नाहीत. पहिला आकडा रुग्णालयांना विचारून मिळाला, तोही तीन वर्षांपुरता आणि सर्व स्त्रियांचा. दुसरा स्त्रियांना विचारून मिळाला. त्यात शस्त्रक्रिया केव्हा व कोणत्या जिल्ह्यात झाली, याचे बंधन नव्हते. परंतु पहिला आकडा ऐकून ‘यात ऊसतोड कामगार फारशा नाहीत’ असे समाधान मानता येते, तर दुसरा ऐकून मान खाली घालावी लागते. कोणाला विचारले, यावर काय कळणार हे अवलंबून असते. प्रश्नपरीक्षा ही आपल्या शास्त्राने रुग्णपरीक्षेत महत्त्वाची मानली, त्याचे कारण हेच. रुग्णालाच न विचारता केलेले निदान जसे अपुरे, तसेच स्त्रियांना न विचारता दिलेले उत्तरही.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. जून २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्याच्या सुकन्या श्रीमती पंकजा मुंडे राज्याच्या महिला व बालविकास मंत्री होत्या आणि विधान परिषदेतील विरोधी पक्षनेते श्री. धनंजय मुंडे हेही आपल्याच जिल्ह्याचे होते. त्यापूर्वी केजच्या डॉ. विमल मुंदडा यांनी राज्याचे आरोग्यमंत्रिपद सांभाळले होते. उत्तर देणाऱ्या बाकावर बीड होते आणि प्रश्न विचारणाऱ्या बाकावरही बीड होते. तरीही ही गोष्ट सभागृहापर्यंत पोहोचली ती वृत्तपत्रातून. हा दोष कोणा एका पक्षावर ढकलून आपली सुटका होणार नाही. जिल्ह्यात वस्तीवस्तीपर्यंत पोहोचलेले आपण शेकडो वैद्य आणि दुकानदार होतो. आपणांस हे दिसत होते आणि आपण ते वर कळवले नाही.

सभागृहात बीडचे नाव खाली जाण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८९४ होती, ती २०११ मध्ये ८०७ वर आली. राज्यात सर्वांत कमी. तेव्हाही कायदे, समित्या, छापे हे सर्व मागाहून आले. गर्भात मुलगी नको आणि मुले झाल्यावर गर्भाशय नको, या दोन्ही व्याधींचे मूळ एकाच ठिकाणी आहे, हे आपण वैद्यांनी तरी ओळखावे.

हेतू कोठे आहे?

‘स्त्रियाच येऊन पिशवी काढा म्हणतात, डॉक्टर काय करणार?’ हा युक्तिवाद आपण सर्वांनी ऐकला आहे. तो खोटा नाही, अपुरा आहे. ती तसे का म्हणते? लहान वयात लग्न, विशी-बाविशीत कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. त्यानंतर सहा महिने फडावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेपासून मोळ्या डोक्यावर वाहायच्या, पाण्याची सोय नाही, शौचालय नाही. पाळीत एक दिवस बसले तर खाडा आणि त्याचा दंड. चरकसंहितेत ‘नवेगान्धारणीय’ हा एक स्वतंत्र अध्यायच आहे. वेगधारणाचे दुष्परिणाम आपण पहिल्या वर्षापासून पाठ करतो. उसाच्या फडात दिवसभर मूत्रवेग अडवून धरणाऱ्या स्त्रीला अपानवैगुण्य, श्वेतस्राव व कटिशूल झाले, तर त्यात नवल ते काय? येथे निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा ठरते आणि ती औषधाच्या बाटलीत मिळत नाही. फडावर पाणी, आडोसा, पाळीच्या दिवसांत बिनदंडाची सुटी, ही ती चिकित्सा होय. तिची मागणी सभागृहातच करावी लागते. म्हणून वैद्याला सभागृहाशी कर्तव्य आहे.

त्याबरोबर विवेकही हवा. प्रत्येक गर्भाशय-निर्हरण अनावश्यक असते, असे म्हणणे हाही अपराध होईल. अर्बुद, औषधांना दाद न देणारा अत्यधिक रक्तस्राव, कर्करोगाची शंका या अवस्थांत शस्त्रक्रिया प्राण वाचवते. तेथे ‘आमच्या औषधाने पिशवी वाचेल’ असे म्हणून रुग्णेचे महिने वाया घालवणे शास्त्रसंमत नाही. असाध्य व शस्त्रसाध्य ओळखणे हेही वैद्याचेच लक्षण आहे. त्याचबरोबर साध्या श्वेतस्रावाला कर्करोगाचे भय दाखवणे, हे पाप आहे. या दोन टोकांमध्ये योग्य परीक्षण, आवश्यक तपासण्या, तीन ऋतुचक्रांपर्यंत सावध चिकित्सा व दुसरे मत, हा मार्ग आहे. मी त्या दिवशी तो घेतला नाही.

औषधविक्रेत्या व औषधनिर्मात्या मित्रांनाही एक विनंती. या स्त्रिया आपल्याकडे येण्यापूर्वी पुष्कळदा तुमच्या दुकानात येतात. ‘पांढरं जातंय, काहीतरी द्या’ म्हणून बाटली घेऊन जातात. एकच स्त्री तिसऱ्यांदा बाटली नेत असेल, तर तिला वैद्याकडे वा शासकीय रुग्णालयात पाठवणे हे तुमच्या हाती आहे. गर्भाशयाच्या व पाळीच्या विकारांवर रामबाण अशा जाहिराती १९५४ च्या औषधी व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहेत, हेही स्मरणात असावे. ‘ऑपरेशन टाळा’ अशी पाटी लावणारे दुकान आणि ‘ऑपरेशन करा’ अशी चिठ्ठी देणारा दवाखाना, दोघेही त्या स्त्रीच्या भयावरच धंदा करत असतात.

आश्वासनाचे पुढे काय होते?

सभागृहात मंत्र्यांनी ‘चौकशी करू’, ‘समिती नेमू’ असे म्हटले की ते आश्वासन ठरते. आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी समिती असते. लोकसभेत ती १९५३ पासून आहे आणि तेथे आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करावे असा दंडक आहे. पण समितीलाही बाहेरून कोणी आठवण करून दिली तर तिचे काम सुकर होते. बीडच्या बाबतीत २०१९ नंतर काही पावले पडली. खाजगी रुग्णालयांनी अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची पद्धत जिल्ह्यात आली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-निर्हरण रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत जिल्हा, राज्य व राष्ट्रीय पातळीवर देखरेख समित्यांची योजना आहे. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेत या सूचना तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. ती याचिका बिहार, छत्तीसगढ व राजस्थानातील अशाच घटनांवरून २०१३ मध्ये दाखल झाली होती. याचा अर्थ, दुखणे एकट्या बीडचे नाही. मात्र आपल्या जिल्ह्याची देखरेख समिती किती वेळा बसली, तिच्यापुढे किती प्रकरणे आली, किती परत पाठवली गेली, हे आपल्यापैकी कोणी कधी विचारले आहे काय?

विचारण्याची रीतही असते. ‘बीड जिल्ह्यातील महिलांच्या आरोग्याबाबत शासन काय करीत आहे?’ असा प्रश्न विचारला, तर ‘शासन सर्वतोपरी प्रयत्नशील आहे’ असेच उत्तर येणार. त्याऐवजी असे विचारावे: गेल्या आर्थिक वर्षात बीड जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्यात चाळीस वर्षांखालील किती स्त्रियांच्या गर्भाशय-निर्हरणास परवानगी मागण्यात आली, किती प्रकरणांत ती नाकारली, परवानगीविना झालेल्या शस्त्रक्रिया किती आढळल्या व त्यांवर कोणती कार्यवाही झाली? काळ, स्थान, वय व संख्या यांनी बांधलेल्या प्रश्नाला सुटण्यास वाट राहत नाही.

यास्तव आपल्या संघटनेपुढे मी तीन सूचना ठेवतो.

पहिली, नोंदवही. प्रत्येक दवाखान्यात स्त्रीरुग्णांसाठी एक साधी वही असावी. वय, गाव, ऊसतोडीस जाते किंवा नाही, लक्षणे, केलेल्या तपासण्या, दिलेली चिकित्सा, आणि कोणाकडे पाठवले असल्यास कारण, एवढे सात रकाने पुरेत. नाव गुप्त राहावे. संख्या मात्र तिमाहीस संघटनेकडे यावी.

दुसरी, प्रश्न. प्रत्येक अधिवेशनापूर्वी संघटनेने एक, केवळ एक, नेमका प्रश्न तयार करून जिल्ह्याच्या सहाही आमदारांना व खासदारांना, पक्ष न पाहता, द्यावा. आयुष मंत्रालय नोव्हेंबर २०१४ पासून स्वतंत्र आहे. गोव्याचे श्री. श्रीपाद नाईक यांनी २०२१ पर्यंत त्याची धुरा वाहिली. जून २०२४ मध्ये ती आपल्या शेजारच्या विदर्भातील, बुलढाण्याच्या श्री. प्रतापराव जाधव यांच्याकडे आली. आपला प्रश्न आता दुसऱ्या खात्याच्या कोपऱ्यात पडून राहत नाही. तो विचारलाच जात नाही, ही अडचण आहे.

तिसरी, पाठपुरावा. मिळालेले उत्तर या त्रैमासिकात जसेच्या तसे छापावे आणि पुढील अंकात त्याची स्थानिक स्थितीशी पडताळणी द्यावी. उत्तर बरोबर असेल तर तसे लिहावे, शासनाचे अभिनंदनही करावे. चुकीचे असेल तर आपल्या नोंदवहीच्या आधारे ते नम्रपणे दाखवून द्यावे.

‘एवढा वेळ कोणाला आहे?’ असे आपण म्हणाल. मलाही नव्हता. त्या दिवशी पाच मिनिटे नव्हती, म्हणून मी चिठ्ठी लिहिली. त्या पाच मिनिटांचे मोल ती बाई आजही देत आहे.

माझ्या दवाखान्यात आता ती वही आहे. पहिल्या पानावर पहिली नोंद मी तिचीच केली, आठवणीतून. जी माहिती मी विचारलीच नव्हती, ते रकाने कोरे ठेवले. पुढच्या वेळी सभागृहात बीडविषयी प्रश्न निघेल, तेव्हा निदान माझ्या गावापुरते ते रकाने कोरे नसतील.